ट्रेलरचं ऑनिंग पट्टीतून सरकलंय : कापड ओढण्याआधी स्प्रिंग बांधा

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तुम्हाला लगेच कळेल. तुम्ही सांगलीच्या. जुना अमेरिकन बनावटीचा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं घर घेतलाय, त्याला ४ मीटर रुंदीचं हाताने उघडायचं ऑनिंग, म्हणजे नळीवर गुंडाळायचं कापडी छत आहे. मे महिन्यात चाळकेवाडीच्या पठारावर मुक्काम होता. संध्याकाळी वळवाचा वारा सुटला, ऑनिंग दणादण फडफडलं, आणि घाईघाईने गुंडाळताना दिसलं की कापडाची कड ट्रेलरच्या भिंतीवरच्या पट्टीतून दीड वीत उजवीकडे सरकली आहे. डाव्या टोकाला पट्टी रिकामी, उजव्या टोकाला कापड दोरीसकट बाहेर लोंबतंय. गुंडाळी एका अंगाला जाड झाली, नीट बंद होईना, म्हणून सुतळीने बांधून घरी आणलंत. फॅब्रिकेशनवाला म्हणतो, कापड ओढून जागेवर घेऊ आणि पट्टीवरून आरपार रिव्हेट मारू, म्हणजे जन्मात हलणार नाही. तुमचे मिस्टर आणि मुलगा म्हणतात रविवारी घरीच करू.

घरीच करा. होण्यासारखं काम आहे. रिव्हेट मात्र मारू देऊ नका, त्याचं कारण पुढे सांगतो. आणि ती सुतळी अजून सोडली नसेल तर हे सगळं वाचून होईपर्यंत सोडू नका.

मी साताऱ्यात २६ वर्षं ट्रकचे हूड, ताडपत्री, मंडपाची पालं हे काम करतो. २०२१ साली राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून महाबळेश्वर, पाचगणी, बामणोलीकडे असल्या गाड्या वाढल्या आणि त्यांची छतं माझ्याकडे यायला लागली. कापड तेच, शिलाई तीच. नवीन होती ती नळीतली स्प्रिंग. तिने मला पहिल्याच वर्षी धडा दिला, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

दुकानाचं रोलिंग शटर तुम्ही पाहिलंय. शटर खाली ओढलं की वरच्या नळीतली स्प्रिंग पिळली जाते, आणि तोच पीळ शटर वर न्यायला मदत करतो. ऑनिंग अगदी तसंच. कापड बाहेर ओढताना नळी फिरते आणि तिच्या दोन्ही टोकांतल्या स्प्रिंगा पिळतात. म्हणजे ऑनिंग बंद असताना पीळ कमी आणि पूर्ण उघडल्यावर सगळ्यात जास्त. तेव्हा त्या पिळाला रोखून धरतं ते फक्त नळीच्या टोकाचं कुत्रं, म्हणजे तुम्ही काठीने खालीवर करता त्या लिव्हरचं खटकं, आणि भिंतीच्या पट्टीत अडकलेलं कापड. कापड पट्टीतून सुटलं किंवा कुणी चुकून लिव्हर फिरवली, तर नळी गरकन फिरते. माझ्या हातात तेव्हा पक्कड होती. नळीने ती पक्कड हिसकावून घेतली आणि उजव्या अंगठ्याच्या सांध्यावर आणून मारली. तीन आठवडे हातात सुई धरता आली नाही. त्या दिवसापासून पिन लावल्याशिवाय मी शिडीवर पायसुद्धा ठेवत नाही.

पिन म्हणजे काय ते सांगतो. हाताने उघडायच्या बहुतेक ऑनिंगमध्ये एका टोकाला लिव्हर असते, आणि दुसऱ्या टोकाच्या टोपीत एक आरपार भोक असतं. नळी हळूहळू फिरवत नेली की टोपीचं भोक आणि आतल्या दांड्याचं भोक एका रेषेत येतं, पलीकडचा उजेड दिसतो. त्यात कॉटर पिन किंवा बसेल असा जाड खिळा घालायचा. स्प्रिंग तिथेच थांबते. एवढ्यावर विसंबू नका. नळीला दोरीचे चार वेढे देऊन ती दोरी ऑनिंगला आधार देणाऱ्या दांडीला आवळून बांधा, म्हणजे पिन निसटली तरी नळी फिरणार नाही. दोन्ही आडव्या-तिरप्या दांड्याही ट्रेलरच्या अंगाला बांधून ठेवा.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण हे वाचून दुसरं कुणी आपल्या गाडीवर हात घालेल. मोटरवर चालणाऱ्या बऱ्याच ऑनिंगमध्ये दांड्यांच्या आत गॅसचे दट्टे असतात, गाडीच्या डिकीला असतात तसे. कापड सोडवलं की त्या दांड्या आपोआप बाहेर झेप घेतात. थुले किंवा फियामा या कंपन्यांच्या पेटीतल्या ऑनिंगला कोपरात दुमडणारे हात असतात, त्या कोपरातही जोरदार स्प्रिंग असते. त्या प्रकाराला ही पद्धत जशीच्या तशी लावू नका.

आता कापड सरकलं का, ते पाहू. ते न पाहता नुसतं जागेवर नेलंत तर पुढच्या वाऱ्यात पुन्हा तेच होईल.

कापडाच्या वरच्या कडेला दुमड असते, दुमडीत गोल दोरी घातलेली असते. ट्रेलरच्या भिंतीवर ॲल्युमिनियमची पट्टी आहे, तिला लांबच लांब खाच आहे. खाच आत गोल, बाहेर अरुंद. दोरी टोकाकडून आत सरकवली की समोरून बाहेर येऊ शकत नाही, कारण खाचेचे ओठ दोरीपेक्षा अरुंद असतात. मात्र डावी-उजवीकडे ती मोकळीच असते. तिथे तिला अडवतात फक्त दोन स्क्रू, एक या टोकाला, एक त्या टोकाला. पूर्ण चार मीटर कापडाला आडवं जायला अडवणारे हे दोनच इवलेसे स्क्रू.

तुम्ही लिहिलंय की लोंबणाऱ्या भागात दोरी कापडातच आहे, दुमड फाटलेली नाही. म्हणजे कापड समोरून उपसलेलं नाही, आडवं घसरलंय. ही चांगली बातमी आहे. माझी खात्री आहे की तुमचा एक तरी स्क्रू गेलेला आहे. कापडाचे वरचे दोन्ही कोपरे हातात घेऊन बघा. जिथे स्क्रू होता तिथे भोक असेल. ते भोक गोल असेल तर स्क्रू एकदम तुटला किंवा निघून पडला. पण बहुतेक वेळा ते गोल नसतं, बोटाच्या पेराएवढी लांब चीर असते, आणि चिरेच्या कडा काळ्या पडलेल्या असतात. काळी कड म्हणजे जुनी जखम. कापड चाळकेवाडीला सरकलं असं तुम्हाला वाटतंय, पण ते कित्येक महिने एकेक सूत सरकत होतं. वाऱ्याने फक्त शेवटचा धक्का दिला. पट्टीखालच्या भिंतीवरही बघा. कापड जिथे वर्षानुवर्षं टेकलेलं होतं तिथला रंग उजळ असतो, त्या रेषेवरून मूळ जागा कुठे होती ते अचूक मोजता येतं. ती पेन्सिलने खूण करून ठेवा, नंतर कामाला येते.

स्क्रू का जातो? कुणीतरी साधा लोखंडी स्क्रू ॲल्युमिनियमच्या पट्टीत मारलेला असतो. दोन वेगळे धातू, मध्ये पावसाचं पाणी, की ॲल्युमिनियम झिजायला लागतं. स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसली की समजायचं, आतली पकड संपली. आपल्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि माण-दहिवडीकडे त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. महाबळेश्वरची छतं माझ्याकडे स्क्रू गंजून आणि बुरशी येऊन येतात. माणदेशातली येतात ती दोरा उन्हाने जळून. कापड शाबूत, पण नखाने ओढलं की शिवण उसवते.

रविवारी काम कसं करायचं ते आता सांगतो. तीन माणसं लागतील, दोघांत ओढाताण होते. सकाळी नऊनंतर, कापडाला थोडं ऊन लागल्यावर सुरू करा. व्हिनाइल, म्हणजे ऑनिंगचं प्लास्टिकचं कापड, थंडगार असताना ताठ असतं आणि दोरी वळत नाही. वारा अजिबात नको, झाडाचं पान हलत असेल तर दुसरा रविवार बघा. आणखी एक, तुमचा ट्रेलर अमेरिकेचा, म्हणजे त्याचं ऑनिंग उजव्या अंगाला. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून त्यांचं दार फुटपाथकडे येतं. आपल्याकडे कडेला लावला की तेच ऑनिंग रस्त्यावर उघडतं. तेव्हा अंगणात, चारी बाजूंनी मोकळ्या जागेत लावा.

सुतळी सोडताना एकाने नळी दोन्ही हातांनी धरलेली असू द्या. मग दोघांनी दोन टोकं धरून सावकाश पूर्ण उघडा. कापड तिरकं आहे, मध्ये अडकेल, हिसका देऊ नका, थोडं मागे घेऊन पुन्हा पुढे न्या. पूर्ण उघडलं की पिन, दोरीचे वेढे, दांड्या. मग दोन्ही बाजूंच्या दांड्यांची लांबी सारखी कमी करून नळी भिंतीकडे फूटभर आणा, म्हणजे कापड झोळीसारखं सैल पडेल. ताणलेलं कापड पट्टीत सरकत नाही, आणि जबरदस्तीने सरकवलं तर दुमड फाटते. आता नळीच्या खाचेकडेही एक नजर टाका, तिकडची कड दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर आहे ना. तुमच्या वर्णनावरून ती जागेवर असावी, म्हणूनच गुंडाळी एका अंगाला जाड झाली.

यानंतर पट्टी साफ करा. जुना दात घासायचा ब्रश आणि साबणाचं पाणी. खाचेत धूळ, मधमाशीसारख्या किड्यांची मातीची घरं, जुन्या सिलिकॉनचे गोळे, काय वाटेल ते निघतं. कोरडी झाली की सिलिकॉनचा स्प्रे मारा, तोही कोरडा राहणारा. तेल किंवा ग्रीस लावू नका. तेलाला धूळ चिकटते, आणि व्हिनाइलवर पडलेला तेलाचा डाग जात नाही. स्प्रे नसेल तर पांढरी मेणबत्ती दोरीवरून घासली तरी चालतं.

मग उजवं टोक, जिथून दोरी आत जायची आहे. शिडीवर चढून तिथे बोट फिरवा, जपून. पट्टी करवतीने कापलेली असते आणि त्या कापाला धार असते. ती धार दुमडीला रंध्यासारखी सोलते. बारीक गोल कानशीने ती मारून घ्या, आणि टोकाचा अर्धा इंच भाग पेचकसाच्या गोल दांड्याने अगदी जरासा फाकवा, तुतारीच्या तोंडासारखा. फक्त टोक फाकवायचं. पट्टीचे मधले ओठ पेचकसाने उघडून दोरी समोरून आत दाबायचा मोह बऱ्याच जणांना होतो. एकदा उघडलेले ते ओठ पुन्हा तसे मिटत नाहीत, आणि त्या जागी कापड कायमचं निसटतं. अशी बिघडलेली पट्टी बदलायलाच लागते.

कापड डावीकडे ओढायचं आहे, पण डावीकडे धरायला टोकच नाही, कारण ते पट्टीच्या आत दीड वीत गेलंय. कोपरा पकडीने ओढलात तर चीर वाढेल. यासाठी माझी पद्धत अशी : प्लायच्या हातभर लांब दोन पट्ट्या घ्यायच्या, आतल्या बाजूला सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवायचं, डाव्या टोकाजवळ दुमडीच्या लगेच खाली कापड त्या दोन पट्ट्यांत धरून दोन शिकंजे आवळायचे. ओढ हातभर लांबीवर वाटली जाते, एका ठिकाणी पडत नाही. एक माणूस हे धरून पट्टीला समांतर ओढेल, खाली नाही. दुसरा उजव्या टोकाला शिडीवर, दोरी तोंडात सरळ भरवत राहील. तिसरा मधे उभा राहून कापडाचं वजन डोक्याच्या वर तोलून धरेल. बोलून, एका तालात, वीतभर सरकवायचं आणि थांबायचं.

कान उघडे ठेवा. दोरी नीट जात असली की सर्र असा एकसारखा आवाज येतो. खर्र झालं की थांबा, तोंडाशी कापडाची घडी अडकली आहे. मला हे ज्यांनी शिकवलं ते माझे उस्ताद ट्रकच्या हुडात दोरी भरताना डोळे मिटून बसायचे आणि आवाजावरून सांगायचे कुठे अडली ती.

दोन-तीनदा प्रयत्न करूनही जागचं हललं नाही, तर दोरी आत तुटलेली किंवा फुगलेली आहे. तेव्हा कापड उजवीकडून पूर्ण बाहेर काढा, नळी दांड्यांवर बांधलेली आहेच. दोरी चाचपून बघा. नवीन घालायची असेल तर जुनीचा तुकडा सीट-कव्हर करणाऱ्याकडे घेऊन जा आणि त्याच जाडीची पीव्हीसीची भरीव दोरी मागा. साधी नायलॉनची पिळाची दोरी नको, ती ताणली की बारीक होते आणि खाचेतून निसटते. पुन्हा भरताना बारीक दोर आधी पट्टीतून ओवून घ्या आणि त्याने दुमडीचं टोक ओढा.

कापड पेन्सिलच्या खुणेवर आलं की दोन्ही टोकांचं अंतर मोजून सारखं करा. आता स्क्रू. स्टेनलेसचे, ६ नंबरचे, अर्ध्या इंचाचे, चपट्या डोक्याचे. कापडाच्या कडेपासून इंचभर आत, पट्टीच्या ओठातून दुमडीत. जुनं भोक झिजलेलं असेल तर इंचभर बाजूला नवीन पाडा. आधी बारीक भोक, मग हाताने स्क्रू, ड्रिल मशीनने पिळू नका, ॲल्युमिनियमचे आटे लगेच जातात. स्क्रूला सिलिकॉन लावून बसवा, म्हणजे धातूला धातू थेट लागत नाही आणि पाणीही शिरत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन घेऊ नका, ते धातूला खातं. दुकानात न्यूट्रल सिलिकॉन म्हणून मागा.

कोपऱ्याची चीर तशीच सोडायची नाही. त्याच जातीच्या कापडाचा तळहाताएवढा गोल ठिगळ आतून लावा. चौकोनी नको, चौकोनाचे कोपरे उचकटतात. शिवायला पॉलिस्टरचा दोरा वापरा. चपला-बॅगांना वापरतात तो नायलॉनचा दोरा हातात मजबूत लागतो, पण उन्हात लवकर कुजतो. माझ्या हुडांवर नायलॉनची शिलाई दोन उन्हाळ्यांत सैल पडलेली मी पाहिली आहे.

पिन काढायच्या आधी नळीचं दोन्ही बाजूंचं भिंतीपासूनचं अंतर टेपने मोजा, मग कर्णही मोजा. दोन्ही कर्ण एका बोटाच्या आत सारखे आले पाहिजेत. मग दांड्या मूळ लांबीवर, कापड ताणलेलं, एकाने नळी दोन्ही हातांनी धरलेली, आणि मगच पिन. हळू गुंडाळा. गुंडाळीची कड डावी-उजवीकडे चालली तर पुन्हा उघडून मोजा.

आता रिव्हेटचं. फॅब्रिकेशनवाल्याची नियत चांगली आहे, पण तो पत्र्याचा विचार करतोय. दोरी असलेलं कापड वाऱ्याचा जोर चार मीटरभर सारखा वाटून घेतं. रिव्हेट मारलेलं कापड तो जोर दहा-बारा भोकांवर घेतं. आणि जोर किती असतो ते बघा. ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यात चौरस मीटरला साधारण साडेसात किलोचा दाब येतो. तुमचं ऑनिंग ४ मीटर बाय अडीच मीटर, म्हणजे १० चौरस मीटर, म्हणजे ७५ किलो. वारा दुप्पट झाला तर दाब चौपट, ३०० किलो. त्यातला एक रिव्हेट फाटला की शेजारचा, मग त्याच्या शेजारचा, चेन उघडावी तसं. शिवाय प्रत्येक भोकातून पावसाचं पाणी भिंतीच्या प्लायमध्ये जाणार, आणि तो खर्च ऑनिंगपेक्षा किती तरी मोठा आहे. मंडपात आम्ही पालाला रिंगा मारतो, पण त्या दोऱ्यांनी बांधतो, कारण दोरी थोडी देते. रिव्हेट देत नाही.

म्हणून चाळकेवाडीला पुन्हा जाल तेव्हा आधी पवनचक्क्या बघा. त्या तिथे उगाच उभारलेल्या नाहीत, त्या पठारावर वारा वाहतोच. पाती जोरात फिरत असतील तर ऑनिंग उघडू नका. उघडलं असेल आणि जेवायला किंवा झोपायला आत जात असाल तर गुंडाळून जा. वळवाच्या दिवसांत दुपारी चारनंतर ढग चढताना दिसले की लगेच गुंडाळा, पहिली झुळूक लागल्यावर नव्हे. पाऊस येणारच असेल आणि सावली हवी असेल तर एका बाजूची दांडी हातभर खाली करा, पाणी एका कोपऱ्यातून वाहून जाईल. दोन मीटर बाय एक मीटरच्या झोळीत सरासरी पाच सेंटीमीटर पाणी साठलं तर ते १०० लिटर होतं, म्हणजे १०० किलो.

ओलं गुंडाळावं लागलं तर हरकत नाही, पण दुसऱ्या दिवशी ऊन पडताच उघडून वाळवा. तुमचं कापड आत्ताही सुतळीत बांधलेलं आहे. ते ओलं असताना बांधलं असेल तर रविवारची वाट बघू नका, एखादी बिनवाऱ्याची सकाळ पाहून नळी धरून हातभर तरी उघडा, पिन लावा आणि वारा खेळू द्या.

स्क्रू बसवल्यावर पहिल्या सहलीहून परत आलात की दोन्ही टोकांना पेचकस लावून बघा. फिरला तर पाव फेरा आवळा. आणि कोपऱ्याची चीर किती लांब आहे, कडा काळ्या आहेत की पांढऱ्या, तेवढं मला कळवा. बोटापेक्षा लांब असेल तर ठिगळ पुरणार नाही, पूर्ण दुमड नव्याने करावी लागेल, आणि ते काम घरच्या मशीनवर होत नाही.